माजघरातली बाज

आमच्या आज्यांना कुणी विचारलं, "मुलं किती हो तुम्हाला?" तर उत्तर दोन आकड्यांत यायचं. "नऊ झाली, पाच राहिली." शेंगा फोडता फोडता, हात न थांबवता सांगायच्या. ऐकणारीला त्यात वावगं वाटायचं नाही, तिचाही हिशेब तसाच असायचा. तासगाव-मिरजेकडच्या आमच्या खेड्यात पन्नास-साठ सालच्या सुमाराला जन्मलेली आम्ही चुलत-आते भावंडं त्या हिशेबातली 'राहिलेली'. आता आमच्यातल्या बहुतेकांना नातवंडं आहेत आणि ती सगळी दवाखान्यात जन्मली. आम्ही माजघरात जन्मलो. ते माजघर पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत, म्हणून हे लिहून ठेवायचं.

सोप्यातून आत गेलं की माजघर. तिथं कणगीच्या आडोशाला सुंभाची बाज पडली, की घरात कुणाचे दिवस भरलेत हे आम्हा पोरांना न सांगता कळायचं. खिडकी नव्हतीच. एक झरोका होता, त्यातही चिंध्यांचा बोळा कोंबला जायचा, कारण बाळंतिणीला वारं बाधतं. बाजेवर दोन वाकळा, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, वावडिंग आणि लसणाच्या साली टाकल्या की जो धूर उठायचा तो आडभिंतीवरून सगळ्या घरभर फिरायचा. बाळंतिणीच्या डोक्याला फडकं, कानात कापूस. पितळेच्या डब्यात डिंकाचे लाडू, चुलीच्या कडेला हळिवाची खीर. आम्ही दाराच्या फटीशी रेंगाळायचो ते त्या लाडवाच्या आशेनं, आणि आतून कुणीतरी हात बाहेर काढून अर्धा लाडू द्यायचं. अजूनही कुठं ओव्याची धुरी नाकात गेली की सत्तरीतली आमची आक्का थबकते आणि विचारते, "कुणाकडं बाळंतीण आहे गं?"

त्या खोलीत माया ओतप्रोत होती, हे आधी सांगितलं पाहिजे. एरवी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी सून त्या सव्वा महिन्यात पाय पसरून झोपायची, तिला कुणीतरी अंगभर तेल चोळायचं, ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं. कुणी बाहेरचं येऊन बाळाला हाताळायचं नाही, दहा दिवस सोयर. त्या शिवाशिवीमागं विटाळाची कल्पना होती आणि तिनं बायकांना कमीपणाही दिला, पण दहा माणसांचे हात बाळापासून लांब राहिले हा त्यातला फायदा मी नाकारणार नाही.

सुईण आम्हा सगळ्यांची आजीच. रात्री-अपरात्री कंदील घेऊन बोलावणं गेलं की ती पदर खोचून निघायची. पोटावर हात फिरवून बाळ आडवं आहे की पायाळू, हे ती सांगायची आणि ते सहसा खरं निघायचं. मोबदला म्हणजे पायलीभर जोंधळे, एक खण, नारळ. तिच्या हातात कसब होतं. पण ते हात दिवसभर गोठ्यात आणि रानात असायचे, आणि बाळंतिणीपाशी बसण्याआधी ते नुसत्या पाण्यानं धुतले जायचे. नाळ कापायला घरातलाच विळा, बांधायला वाकळेचा दोरा, वर लावायला शेणीची राख. वार लवकर पडली नाही तर ती हात घालून काढायची. तिला हे असंच शिकवलेलं होतं, तिच्या सासूनं.

आणि धडुती. जुन्या लुगड्यांच्या घड्या करून बाळंतिणीला द्यायच्या, त्याच धुऊन पुन्हा वापरायच्या. परड्यात खणखणीत ऊन पडलेलं असायचं. त्या उन्हात दोन तासांत कापड कडकडीत वाळलं असतं. पण ती धडुती कुणा पुरुषाच्या नजरेला पडू नयेत म्हणून गोठ्याच्या मागं, ओलसर सावलीत, वर दुसरं फडकं टाकून वाळत घालायची. दमट राहायची, कुबट वास यायचा, आणि तशीच पुन्हा आत जायची. त्या घरातल्या सगळ्या चुकांमध्ये ही चूक मला आजही सर्वांत जास्त लागते, कारण तिला बाळाच्या काळजीचं कारण नव्हतं, केवळ बाईच्या लाजेचं होतं.

पाचव्या दिवशी पाचवी. पाटा-वरवंटा धुऊन त्याची पूजा मांडायची, सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा तेवत ठेवायचा आणि बायकांनी आळीपाळीनं जागायचं. बाळंतिणीच्या उशाशी विळा. आम्हाला वाटायचं सटवाईच्या भीतीनं जागतात. पुढं वैद्यकाची पुस्तकं चाळताना लक्षात आलं, आज्यांची तिथी चुकलेली नव्हती. नाळेतून शिरलेला धनुर्वात बाळात दिसायला लागतो तो साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. बाळंतिणीचा तापही बहुतेक वेळा पहिल्या दहा दिवसांतच चढतो. पिढ्यान्‌पिढ्या पोरं आणि सुना गमावून त्यांनी धोक्याचे दिवस अचूक ओळखले होते, आणि त्या दिवसांत त्या खरोखर डोळ्यांत तेल घालून जागत होत्या. उशाशी मात्र तोच विळा असायचा, ज्यानं पाच दिवसांपूर्वी नाळ कापलेली.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजरूपानं वर्षानुवर्षं टिकतात. गंजक्या विळ्यावर, सारवलेल्या भुईवर, राखेत, कुठंही. ओल्या नाळेतून ते आत गेले की त्यांचं विष मज्जातंतूंपर्यंत पोचतं. आमच्या घरात ते कसं कळायचं, तर आधी दोन-तीन दिवस चांगलं प्यालेलं बाळ एकाएकी तोंड लावीनासं व्हायचं. "बाळ प्यायना झालंय" हे वाक्य माजघरातून बाहेर आलं की सोप्यातल्या पुरुषांचं बोलणं थांबायचं. मग जबडा मिटायचा, मुठी घट्ट वळायच्या, जरा आवाज झाला, उजेड पडला, की अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लागायचा. अशा बाळांना पुरायला परड्याच्या पलीकडं ओढ्याकाठी जागा ठरलेली होती. त्यांची नावं ठेवलेली नसायची, कारण बारसं व्हायचंच असायचं.

माझ्या थोरल्या चुलतीच्या खेपेला मात्र बाळ नाही, तीच गेली, बाळंतिणीच्या तापानं. मी तेव्हा शाळेत जायला लागलो होतो, म्हणून काही गोष्टी स्पष्ट आठवतात. मुलगी झाली होती, बाळंतपण अवघड गेलं होतं, वार अडकली होती. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. घरातल्या सगळ्यांचं एकच मत, गारवा बाधला. शेगडीतले निखारे वाढवले, झरोक्यातला बोळा आणखी दाबला, अंगावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा घातल्या. ती आतून म्हणत होती, "आत्याबाई, घोटभर पाणी द्या." बाळंतिणीला पाणी जास्त द्यायचं नाही, पोट सुटतं, असा नेम. आजीनं सुंठ घालून उकळलेलं पाणी पळीनं दिलं, दोन पळ्या. आजी दुष्ट नव्हती. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन ती रात्रभर बसली होती, आणि देवाला नवस बोलत होती.

अंगावरून जाणाऱ्याला घाण वास यायला लागला तो आम्हालाही फटीपाशी जाणवला. मग चुलतीची बडबड सुरू झाली. माहेरच्या विहिरीचं काहीतरी, कुणालातरी दोर ओढायला सांगत होती. "वात झाला," सुईण म्हणाली, आणि वैद्याला बोलावणं गेलं. त्यानं काढा दिला. आणखी एक रात्र गेली. शेवटी चुलत्यांनी बैलगाडीत गवत पसरलं, वर वाकळ टाकली. मिरजेला न्यायचं ठरलं होतं. गाडी गावाच्या वेशीबाहेर जाऊन परत आली.

या गोष्टीतलं सर्वांत बोचणारं काय असेल, तर ती गोष्ट १८६० सालची नाही, १९६० नंतरची आहे. मिरजेत विल्यम वानलेस यांनी सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल तेव्हा साठ-सत्तर वर्षांचं झालेलं होतं. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला होता आणि पुढच्याच वर्षापासून तिथं देशातलं पेनिसिलिन तयार होत होतं. त्याआधीच, १९३५-३६ च्या सुमारास, लंडनच्या क्वीन शार्लट्स हॉस्पिटलात लेनर्ड कोलब्रुक यांनी सल्फाच्या औषधानं बाळंतिणीच्या तापातून बायका वाचवून दाखवल्या होत्या. म्हणजे आजार ओळखीचा होता, औषध आपल्याच राज्यात बनत होतं, दवाखाना एका दिवसाच्या गाडीवाटेवर होता. आणि आम्ही तीन दिवस निखारे वाढवत बसलो.

सुईणीवर सगळं खापर फोडणं सोपं आहे आणि शिकलेल्या लोकांनी ते खूप फोडलं. त्यांनी व्हिएन्नाची हकिकत वाचावी. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. एक डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. बायका तापानं मरायच्या त्या डॉक्टरांच्या वॉर्डात कितीतरी जास्त. बायकांना हे माहीत होतं, त्या पहिल्या वॉर्डात जायला रडायच्या. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरनं माग काढला, तर विद्यार्थी सकाळी प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासायला येत होते. १८४७ च्या मे महिन्यात त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात १०० पैकी १८ बायका दगावल्या होत्या, जूनमध्ये दोन-एक. तरी मोठ्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. आपल्या हातांनी बायका मरतात हे त्यांना मान्य होईना. १८६५ मध्ये सेमेलवाइस हाल होऊन वारला. पुढं १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत फळ्यावर साखळीसारखे दिसणारे ते जंतू काढून दाखवले. माणसाच्या घशात आणि कातडीवर राहणारे हे जंतू. बाळंतिणीच्या गर्भाशयात वार सुटलेली जागा उघड्या जखमेसारखीच असते, आणि हातावरून, फडक्यावरून ते तिथवर पोचले की पुढं रक्तात उतरतात.

सेमेलवाइस गेला त्याच साली आपल्याकडं आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून ही मुलगी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, आणि प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी बावीस पुरी व्हायच्या आत त्या क्षयानं गेल्या. शाळेत त्यांचा धडा आम्ही पाठ केला, पण त्या दहा दिवसांच्या बाळाचा आणि आमच्या ओढ्याकाठच्या जागेचा काही संबंध आहे, असं गुरुजींनी सांगितलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही.

चुलतीची मुलगी वाचली. आजीनं तिला बोंडल्यानं शेळीचं दूध पाजलं, शेजारच्या एका लेकुरवाळीनं अधूनमधून अंगावर घेतलं. तरी पहिलं वर्षभर हगवणीनं ती इतकी खंगली, की घरच्यांनी दोनदा आशा सोडली होती. आईचं दूध नसलेल्या बाळाची ही दुसरी लढाई असते, आणि आई तापानं गेली की ती बाळाला न चुकता लढावी लागते. तसं पाहिलं तर आमच्या घरात आई जिवंत असली तरी पहिले तीन दिवस तिचं दूध बाळाला देत नसत. पिवळा दाट चीक जड म्हणून पिळून टाकायचे आणि मधाचं बोट चाटवायचे. जंतूंशी लढायची पहिली शिदोरी त्या चिकातच असते. चुलत्यांचं वर्षाच्या आत दुसरं लग्न झालं, चुलतीच्याच धाकट्या बहिणीशी. तिच्या गळ्यात सख्ख्या बहिणीच्या नावाचा टाक होता. ती सवत म्हणून तो पुजायची आणि बहीण म्हणून रडायची.

गावात बदल आला तो उपकेंद्राच्या नर्सबाईबरोबर. सत्तरच्या दशकात कधीतरी तिनं आमच्या सुईणआजीला प्रशिक्षणाला नेलं. परत आली ती पेटी घेऊन. साबण, नवं कोरं ब्लेड, उकळलेला दोरा, खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद. म्हातारी आयुष्यभर शिकलेलं सगळं सोडून नवं शिकली, याचं मला फार मोल वाटतं. पुढं तीच दुसऱ्या बायकांवर ओरडायची, "आधी नखं काढ, कोपरापर्यंत हात घास, मग शिव तिला." नाळेला राख लावू द्यायची नाही, तूप नाही, हळद नाही. कोरडी ठेवायची, आपोआप वाळून पडते. पाठोपाठ गरोदर बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं सुरू झाली. आईला टोचलं की तिच्या रक्तातलं संरक्षण पोटातल्या बाळाला मिळतं, एवढी साधी योजना. आमच्या धाकट्या आत्याची बाळंतपणं या नव्या रीतीनं झाली. तिला कुणी विचारलं तर ती एकच आकडा सांगते. २०१५ मध्ये देशातल्या एकूण एक जिल्ह्यात नवजात बाळांचा धनुर्वात हजार जन्मांमागे एकाच्या खाली आला आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा आजी असती तर तिला हा आकडा वाचून दाखवला असता.

रक्तात उतरलेल्या जंतुदोषाशी घरातच कसं लढायचं, ते गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचा श्वास मोजत, वजन करत, ते प्यायचं कमी झालंय का, अंग गार पडलंय का ते बघत, आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली की जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः देत. त्याआधी अशा आजारी बाळांपैकी १०० मागे १६-१७ दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर तीनाच्या आत आली. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढं देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर घरी यायला लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. आज्यांचा सव्वा महिना जवळजवळ तोच आहे.

महाराष्ट्रात २०१८-२० च्या नोंदीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. आमच्या लहानपणाशी तुलना केली तर हा आकडा अविश्वसनीय आहे. तरी त्या ३३ घरांत काय होतं ते आम्ही पाहिलंय. आणि जंतूंनीही घर बदललंय. आता सिझेरियन वाढलीत, आणि पोट कापून झालेल्या बाळंतपणात जंतुदोषाची भीती साध्या बाळंतपणापेक्षा बरीच जास्त असते. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पुष्कळ जंतू नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाल्याचं दिसलं. चांगली बातमीही आपल्याच भागातून आली. बेळगाव आणि नागपूरच्या केंद्रांनी भाग घेतलेल्या सात देशांतल्या चाचणीत कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिनची एकच मात्रा तोंडानं दिली, तर आईला गंभीर जंतुदोष होण्याचं किंवा तिच्या मृत्यूचं प्रमाण १०० मागे २.४ वरून १.६ वर आलं. २०२३ मध्ये ते निष्कर्ष आले. बाळांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही.

माझ्या भाचीचं अलीकडंच सिझेरियन झालं. घरी आल्यावर दोन दिवसांनी तिला ताप भरला. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी लगेच सांगितलं, "दूध उतरतंय, येतो तसा ताप, काढा द्या." धाकट्या आत्यानं काही ऐकून घेतलं नाही. तिनंच रिक्षा बोलावली. टाके आतून पिकायला लागले होते, वेळेवर समजलं, आठवडाभरात मुलगी ठणठणीत झाली.

तुमच्या घरी बाळंतीण असेल तर डिंकाचे लाडू जरूर करा, तेल लावा, शेकही हवा तर द्या, आणि तिला पोटभर पाणी द्या. पण सव्वा महिन्यात तिला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजली, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, ओटीपोट दुखायला लागलं, टाक्यातून पू आला, ती असंबद्ध बोलायला लागली, तर तो वाऱ्याचा, नजरेचा, दुधाचा ताप म्हणून घरात ठेवू नका. बाळ प्यायचं थांबलं, मलूल झालं, अंग गार किंवा फार गरम लागलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, बेंबीभोवती लाली किंवा पू दिसला, तर सकाळची वाट बघू नका. आशाताईला फोन करा, १०८ ला फोन करा, मिळेल त्या गाडीनं निघा. आणि बाळाला उचलून घ्यायच्या आधी साबणानं हात धुवा, मग तुम्ही त्याचे कोणीही असा.